न्हाणीघरातील कोनाडा

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी बाजाराची स्थिती, तुरीची आवक, करांचे नवे नियम आणि वाहतुकीच्या अडचणी यांविषयी जाणकारांचे लेख येत असतात. अशा भारदस्त विषयांच्या पंक्तीस न्हाणीघरातील साबण, तेल आणि तांब्या यांची मांडणी हा विषय आणून बसविणे कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. तथापि आम्ही तो बुद्ध्याच निवडला आहे. हा अंक दुकानाच्या गादीवर जितका वाचला जातो, तितकाच तो घरी माजघरातही वाचला जातो; आणि ज्या विषयात गादी व माजघर या दोहोंचा संबंध येतो, असे विषय फार थोडे असतात.

आपल्यापैकी कोणाच्याही दुकानात सकाळी जाऊन पाहावे. जो माल दिवसातून पन्नास वेळा काढावा लागतो तो मालकाच्या हाताशी असतो. आठवड्यातून एकदा लागणारा माल मागच्या फळीवर, आणि सणासुदीचा माल माळ्यावर. हिंगाशेजारी चहा कोणी ठेवीत नाही आणि रॉकेलचा डबा धान्याच्या पोत्याजवळ कोणी येऊ देत नाही. हे शास्त्र आपण कोणत्या शाळेत शिकलो नाही; वडिलांच्या शेजारी बसून शिकलो. परंतु त्याच मालकाच्या घरी न्हाणीघराचे दार उघडावे, तर काय दिसते? खिडकीच्या कडेवर अर्ध्या रिकाम्या बाटल्यांची रांग, ओल्या जमिनीवर विरघळत पडलेली साबणाची वडी, नळाला अडकविलेला पंचा, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये फरशी धुण्याच्या ॲसिडची बाटली. दुकानात ज्याच्या नजरेतून एक पुडी सुटत नाही, त्याच्या घरातील ही एक खोली मात्र हिशेबाबाहेर राहिलेली असते.

एक खोली, तीन नावे

आपल्या सीमाभागात या खोलीस तीन नावे आहेत. भालकी, औराद, आळंद या बाजूच्या मराठी घरांत ती न्हाणी. शेजारच्या कन्नड घरात ती बच्चलमने. आणि निजामी अमदानीतील दखनी बोलीत ती गुसलखाना. नावे तीन असली तरी पाण्याविषयीचा आदर तिन्ही घरांत सारखाच होता, कारण हा मुलूखच पाणी जपून वापरणाऱ्यांचा आहे. बहामनी सुलतानांनी पंधराव्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आणली, तेव्हा जांभ्या दगडाच्या या उंच पठारावर पाणी पुरविण्यासाठी जमिनीखालून कालवे खोदण्यात आले. नौबादच्या बाजूस त्या करेजच्या उभ्या विहिरी आजही पाहावयास मिळतात. बीदरच्या किल्ल्यात शाही हमामखाना बांधला गेला. पुढे त्याच वास्तूत पुरातत्त्व खात्याने आपले संग्रहालय मांडले. आपल्या बिदरी कारागिरांनी जस्त-तांब्याच्या काळ्या धातूवर चांदीची नक्षी जडवून हात धुण्याच्या झाऱ्या आणि चिलमच्याही घडविल्या. स्नानाच्या व हात-तोंड धुण्याच्या साधनांस जेथे इतका मान होता, तेथे आज ती साधने खिडकीच्या कडेवर लवंडलेली दिसावीत, ही गोष्ट मनास लागून राहते.

सामान्य माणसाच्या घरी शाही हमामखाना नव्हता, पण दिवाळीच्या तोंडावर त्याच्याही न्हाणीला उत्सवाचे रूप येई. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी कानडी घरांत ‘नीरु तुंबुव हब्ब’, म्हणजे पाणी भरण्याचा सण, पाळला जातो. त्या दिवशी स्नानाचे हंडे चिंचेने घासून लख्ख करावयाचे, न्हाणी धुवून काढावयाची, हंड्यास हळदकुंकू वाहून फुलांची माळ बांधावयाची आणि मग त्यात पहाटेच्या अभ्यंगस्नानाचे पाणी भरावयाचे. सीमाभागातील कित्येक मराठी घरांनीही ही चाल शेजारधर्माने उचलली. सणाच्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी न्हाणीतील प्रत्येक वस्तू बाहेर निघे, घासली जाई आणि पुन्हा आपल्या जागी बसे. ही एका अर्थी न्हाणीघराची वार्षिक मालमोजणीच होय.

जुन्या न्हाणीचे शहाणपण

आमच्या लहानपणीची न्हाणी आम्हांस चांगली आठवते. एका कोपऱ्यात तांब्याचा बंब, त्याच्याजवळ विसणाची बादली, समोर घंगाळ, आणि बसावयास जाड लाकडी पाट. खाली शहाबादी फरशी. तीही घासून गुळगुळीत केलेली नव्हे, तर खाणीतून आली तशी किंचित खरबरीत. पाटावर बसले की डाव्या हातास गुडघ्याच्या उंचीवर भिंतीत एक कोनाडा असे. त्यात दगडी वाटीत भिजविलेली शिकेकाई, एका वाटीत डाळीचे पीठ, आणि टाचा घासण्याची वज्री. उजवीकडच्या लहान कोनाड्यात तेलाची वाटी. वाळलेल्या घोसाळ्याची घासणी खिळ्यास टांगलेली. कोरडे पंचे न्हाणीत कधीच नसत. ते दाराबाहेरच्या दांडीवर असत, आणि दार किंचित उघडून हात बाहेर काढला की हाती लागत.

त्या वेळी आम्हांस हे सर्व साधे, किंबहुना गावंढळ वाटे. आज विचार करता ध्यानात येते की, त्या मांडणीमागे एक पक्के माप होते. न्हाणारा माणूस बसलेला असतो, त्याचा हात ओला असतो, आणि शिकेकाई डोक्यास लावल्यावर त्याचे डोळे मिटलेले असतात. बसलेला देह, ओला हात आणि मिटलेले डोळे ही जुन्या गवंड्याची फूटपट्टी होती. कोनाडा कोठे ठेवावयाचा हे त्याने डोळ्यांनी ठरविले नाही. न्हाणाऱ्याच्या हाताने ठरविले.

आमच्या घरची एक गोष्ट

काही वर्षांपूर्वी आम्ही घराची दुरुस्ती काढली. न्हाणीघर प्रशस्त झाले. भिंतीस चकचकीत फरशा बसल्या, वर फवारा आला, बंबाच्या जागी विजेचा गीझर आला. जुने कोनाडे बुजविले गेले आणि खांद्याच्या उंचीवर काचेची एक सुबक फळी लावण्यात आली. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यास आम्ही ते न्हाणीघर मोठ्या अभिमानाने दाखवीत असू.

आमच्या वडीलधाऱ्या आत्याबाई त्या वेळी घरातच राहत होत्या. त्यांनी जन्मभर पाटावर बसून स्नान केलेले. फवाऱ्याखाली उभे राहणे त्यांना जमेना, म्हणून त्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून बादलीने न्हात. एके सकाळी डोक्यास शिकेकाई लावून झाल्यावर त्यांनी सवयीने डावा हात गुडघ्याजवळच्या भिंतीकडे नेला. तेथे कोनाडा नव्हता. वज्री काचेच्या फळीवर आहे हे आठवून डोळे मिटलेलेच ठेवून त्या उठल्या, फळी चाचपू लागल्या आणि तेलाच्या ओघळावर पाय सरकून पडल्या. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, कित्येक महिने अंथरुणात गेले, आणि पुढे काठीवाचून त्या कधी चालल्या नाहीत.

आम्ही त्यांच्या उशाशी बसून हळहळत होतो, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “अरे, तुम्ही कोनाडा बुजवलात, पण माझा हात तिथेच राहिला.”

त्यात राग नव्हता. म्हणूनच तो बोल आजही आमच्या मनातून जात नाही. गवंड्याची यात चूक नव्हती. त्याने आम्ही सांगितले तसे केले. चूक आमची होती. दुकानातील एक फळी हलवावयाची तर आपण आधी मुनिमास विचारतो, कारण त्याचा हात रोज तेथे जातो. न्हाणीघराचे काम काढताना आम्ही खर्चाचा, फरशीच्या रंगाचा आणि नळाच्या चकाकीचा विचार केला. ज्यांचा हात तेथे रोज जाणार होता, त्यांना मात्र विचारले नाही.

मांडणी कशी असावी

त्यानंतर आम्ही न्हाणीघराची मांडणी पुन्हा केली. त्यातून जे शिकलो ते सभासद बंधूंपुढे आणि विशेषतः घरातील माताभगिनींपुढे ठेवावेसे वाटते.

रोजच्या स्नानाची साधने, म्हणजे साबण, तेल, डोके धुण्याची वस्तू आणि घासणी, जमिनीपासून दीड ते तीन फुटांच्या दरम्यान असावीत, म्हणजे बसून न्हाणारा वृद्ध आणि उभा राहणारा तरुण अशा दोघांचाही हात तेथे पोहोचतो. नव्या बांधकामात भिंतीतच कोनाडा ठेवावा; जुन्या भिंतीत शहाबादी फरशीचा तुकडा रोवून फळी करता येते. फळी किंचित पुढे उतरती असावी, म्हणजे तिच्यावर पाणी साचत नाही. काचेची फळी देखणी दिसते, पण ओल्या हातातून तांब्या तिच्यावर आपटला तर तिचे काय होईल याचा विचार करावा. फळीशेजारी भिंतीत पक्का रोवलेला एक आडवा दांडा अवश्य असावा. पंचा टांगण्याच्या नाजूक दांड्यास धरून उठू पाहणारा वृद्ध त्या दांड्यासकट खाली येतो.

आठवड्यास लागणाऱ्या वस्तू, जसे शिकेकाई-रिठ्याची पूड, उटणे, मुलतानी माती, या न्हाणीघरात ठेवू नयेत. ओलीने पुडीस बुरशी धरते आणि कीड पडते. घट्ट झाकणाच्या डब्यात, बाहेरच्या कोरड्या फडताळात त्या ठेवाव्यात आणि लागेल तेवढीच वाटीत काढून आत न्यावी. जादा साबण, नव्या बाटल्या असा शिलकी माल तर न्हाणीघरात मुळीच नको. आपण कोठारातील माल गादीवर आणून रचीत नाही. तोच नियम येथेही लागू पडतो. एक वडी संपली की दुसरी आत यावी.

एकत्र कुटुंबात प्रत्येकाच्या पंचास वेगळी खुंटी असावी आणि ती न्हाणीच्या दाराबाहेर, वाऱ्याच्या जागी असावी. लहान मुलांची खुंटी त्यांच्या हाताच्या उंचीवर लावल्यास पंचा जागेवर ठेवण्याची सवय न सांगता लागते. दाढीची पाती उघडी पडू देऊ नयेत. जुनी पाती झाकणाच्या डबीत साठवावी. घरातील लेकी-सुनांना आपल्या खासगी वस्तू ठेवण्यास झाकणाचे एक स्वतंत्र फडताळ द्यावे. हा विषय घरात कोणी काढीत नाही, म्हणून वर्षानुवर्षे त्यांची कुचंबणा होते. एका लहान फडताळाने ती दूर होते. सकाळी अभिषेक-पूजेस जाणाऱ्यांची धूतवस्त्रेही न्हाणीच्या दमट हवेत न ठेवता लगतच्या कोरड्या खोलीत, इतर कपड्यांपासून वेगळी ठेवणे सोयीचे पडते.

राहिला प्रश्न ॲसिड, ब्लीचिंग पावडर आणि नाल्या साफ करण्याच्या तीव्र द्रव्यांचा. ही न्हाणीघरात ठेवणे म्हणजे मिठाईच्या ताटात उंदराचे औषध ठेवण्यासारखे आहे. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास क्लोरीन हा विषारी वायू निघतो. बंद न्हाणीत तो प्राणावर बेतू शकतो. म्हणून ही दोन्ही एका फळीवर कधीही नसावीत, आणि मुलांच्या हाती न लागतील अशी कुलपात असावीत. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर निर्बंध घातले. गिऱ्हाइकाचे ओळखपत्र पाहून नोंदवहीत नोंद करण्याचा नियम आपल्यातील किराणा व्यापाऱ्यांस ठाऊकच आहे. जी वस्तू विकताना आपण वही उघडतो, ती आपल्याच घरी साबणाशेजारी ठेवावी काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आपला दगड आणि आपले पाणी

आणखी एक गोष्ट खास आपल्या भागाची आहे. शहाबाद, वाडी, चित्तापूर, सेडम या पट्ट्यातील दगड चुनखडीचा आहे; शहाबादी फरशी म्हणून तो दूरदूर जातो आणि सिमेंटचे कारखानेही त्याच्यावरच चालतात. चुनखडीवर ॲसिड पडले की ती फसफसते आणि झिजते. न्हाणीची शहाबादी फरशी ॲसिडने धुणारी गृहिणी मळाबरोबर फरशीही धुऊन काढीत असते. त्या फरशीस साधा साबण, गरम पाणी आणि काथ्याची घासणी पुरे होते.

आपल्याकडील बोअरचे पाणीही बहुधा जड असते. जड पाण्यातील चुन्याचा अंश साबणाशी मिळून पांढरट चिकट साका तयार होतो. साबणदाणीत, बादलीच्या कडेस आणि फरशीवर बसणारा थर तो हाच. त्याच्यावरून पाय घसरतो. डाळीचे पीठ आणि शिकेकाई यांचा असा साका होत नाही. साबण ठेवण्यास तळाशी छिद्रे असलेली किंवा पट्ट्यांची दाणी घ्यावी, म्हणजे वडी दोन स्नानांच्या मध्ये वाळते, टिकते आणि फरशीवर ओघळत नाही. गाळलेल्या पाण्यासही दोन घटकांची, म्हणजे ४८ मिनिटांची, मर्यादा घालणाऱ्या परंपरेत आपण वाढलो. ओल साचली की तिच्यात जीवोत्पत्ती होते हे आपल्या घरातील लहान मुलासही सांगितलेले असते. तेव्हा घरातील शेवटचे स्नान आटोपल्यावर न्हाणीतील पाणी रबरी पुसणीने निपटून काढावे आणि खिडकी उघडी ठेवावी.

साबण निवडतानाही वेष्टन वाचण्याची सवय ठेवावी. म्हैसूर संस्थानात सरकारी साबण कारखाना निघाला आणि चंदनाच्या तेलाचा म्हैसूर सँडल साबण बाजारात आला, तेव्हापासून आपल्या दुकानांतून वड्यांचे किती प्रकार आले आणि गेले! भारतीय मानकाप्रमाणे स्नानाच्या साबणाच्या तीन प्रती आहेत: एकूण स्निग्धांश निदान ७६ टक्के असेल तर पहिली, ७० टक्के असेल तर दुसरी, आणि ६० टक्के असेल तर तिसरी. स्निग्धांशाचा आकडा वेष्टनावर छापलेला असतो. साबणात वनस्पतीचे तेल आहे की प्राण्यांची चरबी, हा प्रश्न आपल्या समाजास महत्त्वाचा; २०१४ पासून पुष्कळ वेष्टनांवर हिरवा किंवा तपकिरी ठिपका दिसू लागला आहे, तो पाहूनच खरेदी करावी.

पाण्याचा हिशेब

मांडणीचा आणि पाण्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. फवारा मिनिटास साधारण आठ ते दहा लिटर पाणी सोडतो. तो चालू ठेवून डोळे मिटलेला मनुष्य मिनिटभर साबण शोधीत राहिला, तर अर्धी बादली पाणी गटारात गेले. घरात आठ माणसे असतील, तर रोजच्या चार बादल्या केवळ शोधण्यात जातात. शहरी घरासाठी भारतीय मानकाने माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरले आहे, आणि त्यात स्नानाचा वाटा ५५ लिटर, म्हणजे सर्वांत मोठा आहे. काटकसरीला वाव असेल तर तो येथेच.

हा हिशेब कोणास चिकटपणाचा वाटल्यास त्याने २०१६ चा उन्हाळा आठवावा. त्या वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर पाणी आले. लातूर म्हणजे काही परमुलूख नव्हे. निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत आपल्या बीदर जिल्ह्यातच होते, आणि आजही आपल्या लेकीबाळी तेथे नांदत आहेत. राज्यांची सीमा माणसांनी आखली. दुष्काळाने ती कधी मानली नाही. त्या उन्हाळ्यात ज्यांच्या पाहुण्यांनी एका बादलीत दोघांचे स्नान उरकले, त्यांना हे सांगण्याची आवश्यकता नाही.

शेवटचा विचार

आम्ही जे सुचविले त्यास मोठा खर्च नाही. एक फळी, एक दांडा, चार खुंट्या, एक छिद्रांची साबणदाणी आणि एक कुलपाचे फडताळ एवढीच सामग्री पुरेशी आहे, आणि त्यातील बहुतेक वस्तू आपल्यापैकीच कोणाच्या तरी दुकानात मिळतात. खर्च लागतो तो एकाच गोष्टीचा, आणि ती म्हणजे पाच मिनिटांचा वेळ. येत्या रविवारी घरातील सर्वांत वृद्ध माणसास न्हाणीघरात स्टुलावर बसवावे, डोळे मिटावयास सांगावे आणि विचारावे, “तुमचा हात कोठे जातो?” जेथे तो हात जाईल तेथे फळी लावावी. नव्या घराचे नकाशे ज्यांच्या हाती आहेत त्यांनी तर गवंडी येण्यापूर्वीच हे करावे.

आमच्या आत्याबाई आज हयात नाहीत. त्यांच्या पडण्यानंतर आम्ही डाव्या भिंतीत, गुडघ्याच्या उंचीवर, जुन्या जागीच कोनाडा पुन्हा कोरून घेतला. तो त्यांनी शेवटची काही वर्षे वापरला. प्रथम तेथे हात गेला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. वज्री उचलली, टाच घासली आणि ती परत जागेवर ठेवली. आता त्या कोनाड्यात आमची नातवंडे साबण ठेवतात. तो तेथे का आहे हे त्यांना ठाऊक नाही. पुढे कधी घराचे काम निघाले तर त्यांनी तो बुजवू नये, एवढ्यासाठीच हा लेख.